खाऱ्या सरोवराच्या पाहुण्या

फार फार जुन्या काळी अमेरिकेच्या पश्चिमेला, डोंगरांच्या मधोमध, गोड्या पाण्याचं एक अफाट सरोवर होतं. पुढे उत्तरेची खिंड खचली आणि त्याचं कितीतरी पाणी वाहून गेलं. उरलेलं उन्हानं आटत आटत खारट झालं. शेजारच्या डोंगराच्या अंगावर जुन्या काठाची रेघ तेवढी राहिली. तिच्याकडे बघत सरोवर झुरायचं.

"आठवतं का रे, माझ्या लाटा तुझ्या खांद्याला लागायच्या?"

"आठवतं तर!" डोंगर सुस्कारा टाकायचा.

एका शरदात दमल्याभागल्या टिबुकल्यांचा थवा काठावर उतरला. सरोवराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बायांनो, पुढे जा. माझ्यात आता मासासुद्धा जगत नाही. माझे दिवस होते, तेव्हा यायचं होतं."

"पुढे जायला पंखांत बळ कुठलं?" म्हातारी टिबुकली म्हणाली आणि तिनं बुडी मारली. वर आली तेव्हा तिची चोच इवल्या इवल्या कोळंब्यांनी भरली होती.

"अहो, केवढं अन्न आहे तुमच्याकडे! या कोळंब्यांना खारंच पाणी मानवतं. मासे असते, तर त्यांनी आमच्यासाठी एकही ठेवली नसती."

सारा थवा पोटभर जेवला आणि सरोवराच्याच पाण्यावर विसावला.

सांजेला डोंगरानं सवयीनं विषय काढला, "त्या लाटा आठवतात का रे?"

"आठवतात," सरोवर पुटपुटलं. "पण हळू बोल. लेकी निजल्यात."