पाहुण्याची करवत

शिडाच्या जहाजांचा काळ होता. एका बंदरावर एक म्हातारा सुतार एकटाच राहायचा. बायको केव्हाच गेली होती. हाताखाली गडी टिकत नसे, कारण कुणाचं ऐकून घेणं म्हाताऱ्याच्या स्वभावातच नव्हतं. कामाला मात्र वाघ. जाड पात्याची विलायती करवत घेऊन तो उभ्याने फळी कापायला लागला, की भुशाचा ढीग पडे. बोलायला त्या ढिगाशिवाय कुणी नसे, ही गोष्ट वेगळी.

एकदा एक जपानी जहाज डागडुजीसाठी बंदराला लागलं. त्यावरचा सुतार जागा मागत म्हाताऱ्याच्या पडवीत आला. तो जमिनीवर बसे, फळी पायाने दाबून धरी आणि कागदासारख्या पातळ करवतीने कापी. म्हाताऱ्याने त्याच्या हाताकडे कधी निरखून पाहिलं नाही. दुसऱ्याचं काम बघणं त्याला कमीपणाचं वाटे.

पाहुण्याला भाषा तोडकीमोडकीच यायची. पण दुपारी दोघं एका ताटात भाकरी आणि मासळी खात. कितीतरी वर्षांनी पडवीत दुसऱ्या माणसाचा वावर होता. म्हाताऱ्याला फार बरं वाटे. तो सकाळी लवकर उठून झाडलोटसुद्धा करू लागला.

जहाज निघायच्या दिवशी पाहुण्याने आपली करवत म्हाताऱ्याच्या हातात ठेवली.

"तुम्हाला," तो म्हणाला. मग खाली बसला आणि म्हाताऱ्याचं मनगट धरून त्याला शेजारी बोलावू लागला. "बसा. दाखवतो. थोडा वेळ आहे."

म्हाताऱ्याला ते लागलं. हात सोडवून घेत तो म्हणाला, "जन्म गेला माझा करवत धरण्यात. मला काय दाखवता?"

पाहुण्याने वाकून नमस्कार केला आणि तो गेला.

दिवस कलल्यावर म्हाताऱ्याने फळी घेतली, उभा राहिला आणि सवयीने करवत जोरात पुढे रेटली. पातळ पातं वाकलं आणि काडकन मोडलं. तुकडा उचलून पाहतो तर दात मुठीकडे झुकलेले. ही करवत रेटायची नव्हतीच, आपल्याकडे ओढायची होती. पाहुण्याला एवढंच सांगायचं होतं.

म्हातारा तसाच धक्क्याकडे धावला. शिडं पार लांब गेली होती. त्याला रडू आलं.

तिथे मासळी निवडत बसलेल्या कोळणीने विचारलं, "बाबा, काय द्यायचं राहिलं का त्याला?"

"नाही गं," म्हातारा म्हणाला, "त्याच्याशेजारी घडीभर बसायचं राहिलं."

तात्पर्य: शिकवू पाहणाऱ्याला परत पाठवलं, की विद्या तर जातेच, पण आपल्यासाठी थांबलेला माणूसही जातो.