चार वाजताची चावी

“…ते सगळं राहू द्या, उस्ताद. ऑटोमॅटिक घड्याळाला वाइंडर लागतो की लागत नाही, एवढंच सांगा.”

भूपाल मगदूमनं असं विचारलं आणि काचेच्या झाकणाचा एक काळा डबा टेबलावर ठेवला. आत मऊ उशीला बांधलेलं एक घड्याळ गोल फिरत होतं. थोडं फिरायचं, थांबायचं, पुन्हा फिरायचं.

दस्तगीर उस्तादांनी डोळ्याचं भिंग काढलं. मिरजेतल्या त्यांच्या ह्या खोलीत पन्नास वर्षांत हजारो घड्याळं येऊन गेली होती. घड्याळाला झोके देणारं यंत्र मात्र पहिल्यांदाच येत होतं.

“हे कशाला फिरतंय?”

“बंद पडू नये म्हणून.”

“आणि पडलं तर?”

भूपाल हसला. विसाव्या वर्षी तो ह्याच टेबलाशी शिकायला बसला होता. दोन वर्षांत त्याची पाठ दुखायला लागली आणि तो उठला. आता कोल्हापुरात त्याचं घड्याळांचं शोरूम आहे. तेव्हापासून तो सगळ्यांशी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलतो, उस्तादांशीसुद्धा.

“त्याचं काय आहे उस्ताद, ऑटोमॅटिक घड्याळ हाताच्या हालचालीवर चालतं. आत एक वजन असतं…”

“मला सांगतोस?”

“सॉरी. सवय झालीय.” भूपाल जरा ओशाळला, पण गाडी काही थांबली नाही. “हातातनं काढून ठेवलं की चाळीसेक तासांत थांबतं. मग चावी द्या, काटे लावा, तारीख लावा. आतलं तेल घट्ट होतं ते वेगळंच. त्यापेक्षा हा डबा बरा. दिवसाला साडेसहाशे फेरे देतो. अर्धे उजवीकडं, अर्धे डावीकडं.”

“तेल पाच-सहा वर्षांनी बदलावंच लागतं, घड्याळ चालू असो नाहीतर बंद. थांबलेलं घड्याळ मरत नाही, भूपाल. चावी द्यायची आणि हातात बांधायचं. रिकामं फिरवलं तर उलट झिजतं.”

“म्हणजे लागत नाही?”

“दहा-बारा घड्याळं असली, रोज नवं घालायचा शौक असला, तर ठेवावा माणसानं खुशाल. हे कुणाचं?”

“अण्णांचं.”

उस्तादांनी फिरणाऱ्या घड्याळाकडं पुन्हा एकदा बघितलं.

पारिसअण्णा मगदूम म्हणजे भूपालचे वडील. एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. एकतीस वर्षं त्यांनी डावा हात वर करून गाड्या सोडल्या. त्या हातात घड्याळ असायचं, आणि गाडीला दोन मिनिटं उशीर झाला तर ड्रायव्हरला ते घड्याळ नाकाजवळ नेऊन दाखवायचे. रिटायर झाले तेव्हा त्याच ड्रायव्हर-कंडक्टरांनी मिळून त्यांना हे ऑटोमॅटिक घड्याळ घेऊन दिलं.

अडीच वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली आणि वाचाही गेली.

“अण्णा कसे आहेत?” उस्तादांनी विचारलं.

“त्यासाठीच आलोय.”

भूपालचा शोरूममधला आवाज आता उतरला.

“जेवत नाहीत, उस्ताद. आई श्रावणात गेली. तेव्हापासून दोन घास खायचे, आता तेही नाही. आठ दिवस झाले, पेज भरवली तरी ओठ मिटून घेतात. डॉक्टर म्हणतात, असं चाललं तर महिनाही काढणार नाहीत.”

उस्तादांनी डबा जवळ ओढला.

“आणि दिवसभर ह्या डब्याकडं बोट दाखवतात. बोट दाखवतात आणि आं आं करतात. मला वाटलं, घड्याळ चुकतंय. अण्णांना मिनिटाची चूक खपत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी मोबाइलशी लावून बघितलं. दिवसाला सतरा सेकंद पुढं जातंय. फेरे कमी करून बघितले, वाढवून बघितले, तरी सतरा सेकंद आहेतच. तेवढे काढून द्या. अण्णा दोन घास तरी खातील.”

भूपालवर रागावण्यात अर्थ नव्हता. आपल्याला जे येतं त्याच भाषेत माणूस दुसऱ्याचं दुःख वाचतो. भूपालला घड्याळं येत होती.

उस्तादांनी विचारलं, “हातात बांधून बघितलंस का?”

“बघितलं ना. डाव्या हातात बांधलं. एकदम गप्प झाले. घड्याळाकडं बघितलं, मग दाराकडं बघत राहिले. बराच वेळ… मग रडायला लागले. मी काढून परत डब्यात ठेवलं. म्हटलं, लुळा हात, घड्याळ बंद पडलं तर आणखी त्रास व्हायचा.”

“किती वाजले होते तेव्हा?”

“चार वाजले असतील. का?”

उस्तादांनी डबा उघडला, घड्याळ उशीवरून सोडवलं, पालथं केलं आणि मागचं झाकण फिरवून काढलं. आत अर्ध्या चंद्रासारखं वजन होतं. बोट लावलं की ते फिरे.

“हे कोण फिरवतंय?”

“आता? डबा.”

“डब्याच्या आधी?”

“अण्णांचा हात.”

“अण्णांचा हात अडीच वर्षांपूर्वी गेला. डबा तू कधी आणलास?”

“गेल्या दिवाळीत.”

“मधलं दीड वर्ष कोण फिरवत होतं?”

भूपालनं बोटांवर हिशेब केला.

“आई,” तो म्हणाला. “आई फिरवायची. घड्याळ बंद पडलं की अण्णा कासावीस व्हायचे. मग आई रोज चारला, चहा व्हायच्या आधी, त्यांच्या पलंगावर बसायची. त्यांचा हात हातात घ्यायची आणि झोके द्यायची. कोण आलं-गेलं तर सांगायची, ‘ह्यांच्या घड्याळाला चावी देते.’ आम्ही हसायचो.”

“ते तिला मीच सांगितलं होतं. घड्याळ बंद पडलं म्हणून घेऊन आलती. मी म्हटलं, वैनी, घड्याळाला काही झालेलं नाही, हात हलत नाही एवढंच. तुम्ही धरून हलवा, पंधरा मिनिटं.”

“पंधरा कुठली, तास-तास बसायची! सून आतनं चहा घेऊन आली की हात खाली ठेवायची. मला वाईट वाटायचं, उस्ताद. सत्तरी उलटलेली बाई, दंड दुखायचे तिचे. म्हणून तर हा डबा आणला. शोरूममधला सगळ्यात चांगला. म्हटलं, आई, आता तू सुटलीस.”

“ती काय म्हणाली?”

“काही नाही. ‘बरं झालं’ म्हणाली.”

उस्तादांनी घड्याळ कापडावर ठेवलं.

“दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी तुझी आई पुन्हा आलती माझ्याकडं.”

“आई? कशाला?”

“घड्याळ घेऊन. पिशवीत रुमालात गुंडाळून. इथंच उभी राहिली. म्हणाली, ‘उस्तादभाऊ, एक काम कराल? हे जरा बिघडवून द्या.’”

“बिघडवून?”

“‘डब्यात चालू नये असं करा,’ म्हणाली. ‘हातात चाललं पाहिजे, पण डब्यात बंद पडलं पाहिजे. भूपालनं विचारलं तर सांगा, जुनं झालंय.’”

भूपालनं खुर्ची पुढं ओढली.

“मी हसलो, भूपाल. म्हटलं, वैनी, पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केली, बिघडवायला अजून शिकलो नाही. केवढा रुबाब माझा! ती पण हसली, तोंडाला पदर लावून. घड्याळ पिशवीत टाकलं, दारापर्यंत गेली आणि वळली. म्हणाली, ‘चार वाजले की ते माझ्याकडं बघतात हो.’”

“…मग?”

“मग काही नाही. मी भिंग डोळ्याला लावलं होतं. दुसऱ्याचं घड्याळ उघडून बसलो होतो. मला ऐकू आलं होतं, भूपाल… मी वर बघितलं नाही.”

खोलीत भिंतीवरची आठ-दहा घड्याळं चालली होती. कुणाचीच वेळ कुणाशी जुळत नव्हती.

भूपालला पहिल्यांदा राग आला. माणसाला आधी रागच येतो, कारण तो सोपा असतो.

“मग नुसता हात धरायचा होता तिनं! घड्याळ कशाला पाहिजे होतं? कोण अडवत होतं तिला? मी? माझी बायको?”

“तुझ्या आईनं तुझ्यासमोर कधी अण्णांचं नाव घेतलंय?”

“…नाही.”

“आजाराआधी त्यांच्या शेजारी कधी बसली? खुर्चीवर, बाकावर, लग्नात?”

“नाही. ती खाली बसायची. नाहीतर बायकांत.”

“घड्याळाशिवाय, तुमच्या सगळ्यांच्या देखत तिनं कधी त्यांना हात लावला?”

भूपालनं टेबलाची कड धरली. पन्नाशीला आलेला, चार माणसांत वजन असलेला हा गृहस्थ आपल्या जुन्या उस्तादासमोर तोंड लपवायला जागा शोधत होता आणि त्या खोलीत तेवढी जागा नव्हती.

“बावन्न वर्षांचा संसार झाला होता त्यांचा,” तो म्हणाला. “आणि शेवटचे दहा महिने… अण्णा अंथरुणावर. ती खाली चटईवर. मध्ये माझा डबा फिरतोय.”

उस्तादांनी त्याला थोपवलं नाही. रडू दिलं.

मग त्यांनी भिंग लावलं, घड्याळ पुढं ओढलं, दोन बोटांत चावीचं बटण धरलं आणि चिमट्याच्या टोकानं आतला एक बारीक खटका बाजूला केला. बटण त्यांच्या बोटांत हळूहळू उलटं फिरू लागलं. आत गुंडाळलेली सगळी स्प्रिंग सैल होत गेली. डब्यानं वर्षभर भरलेलं सगळं निघून गेलं.

सेकंदकाटा थांबला.

“उस्ताद! हे काय केलंत?”

“तुझ्या आईनं सांगितलेलं काम. उशीर झाला.”

झाकण लावून त्यांनी ते बंद घड्याळ भूपालच्या पुढ्यात ठेवलं. डबा उचलून टेबलाखाली सरकवला. आत मोटर अजून फिरत होती, तिचा बारीक घूं घूं आवाज येत राहिला. उस्तादांनी वाकून तिचं बटण बंद केलं.

“घेऊन जा. अण्णांच्या डाव्या हातात बांध. चारला बांध.”

“ते परत रडतील.”

“रडतील.”

“दाराकडं बघतील. आई येणार नाही, उस्ताद…”

“येणार नाही.”

भूपालनं डोळे पुसले. घड्याळ हातात घेतलं आणि पट्ट्याकडं बघत राहिला. अण्णांचं मनगट वाळत गेलं तसं आईनं सुईनं पट्ट्याला एकेक भोक आणखी पाडलं होतं. अशी तीन भोकं होती, वेडीवाकडी. रोज घड्याळ हाताळणाऱ्या माणसाला ती आज दिसली.

“मी अण्णांच्या पाया पडलोय,” तो म्हणाला. “दिवाळीला, परीक्षेला, लग्नात. आजारात कूस बदललीय, अंग पुसलंय. पण हात… नुसता हात धरून मी त्यांच्यापाशी कधी बसलो नाही. लहानपणीसुद्धा नाही. ते पण संकोचतील. मी काय सांगू त्यांना?”

“सांग, घड्याळ बंद पडलंय.”

भूपाल उठला. दारात उभं राहून त्यानं पायात चपला घातल्या. तरी त्याचा पाय निघेना. आयुष्यभर त्यानं लोकांना फेरे, तास आणि सेकंद मोजून दिले होते, आणि त्याला काहीतरी मोजलेलं हातात घेऊनच घरी जायचं होतं.

“उस्ताद, हलवायचा किती वेळ? आईसारखा तासभर? की पंधरा मिनिटं पुरे?”

“घड्याळाला? दहा-बारा झोक्यांत चालू होईल ते.”

“बस?”

दस्तगीर उस्तादांनी भिंग काढलं. ह्या वेळी त्यांनी दाराकडं नीट वर बघितलं.

“चालू झालं म्हणून हात सोडू नकोस.”