पंधरा भावांची झोप

यंत्रं आपसांत बोलत असत, तेव्हाची गोष्ट. धरणाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये एक प्रोसेसर होता आणि त्यात सोळा भाऊ, म्हणजे हिशेब करणारे सोळा कोअर, राहत. कुठलंही काम आलं की त्याचे सोळा वाटे करायचे आणि चुटकीसरशी उडवायचं, ही त्यांची रीत.

एकदा इंजिनिअर हेमांगीबाईंनी कॉम्प्युटरला विचारलं, "संध्याकाळी पाणी सोडलं तर खालच्या गावात कधी पोचेल?" या हिशेबात आधीचं उत्तर आल्याशिवाय पुढची पायरी मांडता येईना, त्यामुळे वाटेही पडेनात. थोरला एकटाच कामाला लागला.

बाकीच्यांना रिकामं बसायची लाज वाटली. ते उगीचच जुनी कामं उकरून राबू लागले. प्रोसेसर तापला, थोरल्याला धाप लागली, त्याचा वेग मंदावला. इकडे संध्याकाळ व्हायला आली.

प्रोसेसरला गार ठेवणारा पंखा गरगरत ओरडला, "अरे, तुमच्या मेहनतीनंच तो भाजून निघतोय! झोपा गुमान!"

पंधराही जण झोपले. आत गारवा आला आणि थोरला असा सुसाट सुटला, की बाईंचा चहा निवायच्या आत उत्तर पडद्यावर आलं. गावाला वेळेत निरोप गेला.

"शाब्बास! एकट्यानं केलंस," पंखा म्हणाला.

"एकट्यानं कुठे?" थोरला हसला. "हे पंधरा जण काय मस्त झोपले, बघितलंस ना?"