हंड्यातल्या अकरा बिया

"कंबरेला काय बांधलंयस?"

शेख सालिमनं मान वर न करताच विचारलं. दाऊद दारातच थबकला.

"काही नाही, बाबा. निरोप घ्यायला आलो. दुपारच्या भरतीला गलबत सुटतंय."

"मी निरोपाचं नाही विचारलं."

...

दाऊद कोकणातल्या चौलचा. दोन वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून अरबस्तानातल्या या डोंगरावर आला आणि शेखचा मुरीद, म्हणजे शिष्य झाला. पोरगा हुशार. पण आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं, तिथंच सगळं अडलं होतं.

शेखचा मळा म्हणजे उतारावर दगड रचून केलेल्या चार पायऱ्या, आणि त्यांवर कॉफीची झाडं. फळ लाल झालं की तोडायचं, वाळवायचं, सोलून बी काढायची. आणि बंदरावर धाडण्याआधी ती बी उकळत्या पाण्यात टाकायची, जपमाळेचे शंभर मणी ओढून होईपर्यंत. तसा कायदाच होता. भाजून प्यायला जगानं खुशाल न्यावी, पण परमुलखात एकही झाड उगवता कामा नये! न उकळलेली बी ज्याच्यापाशी सापडेल, त्याचा उजवा हात मनगटापासून जाई.

दाऊदनं कंबरेची पट्टी सोडली. शेखपुढं अकरा बिया ठेवल्या.

"चोरल्यास?"

"आपल्याच मळ्यातल्या आहेत, बाबा. आमच्या सह्याद्रीत असाच उतार आहे, असंच धुकं आहे. तिथं लावीन. मग लोक पिढ्यानपिढ्या म्हणतील..."

"काय म्हणतील?"

दाऊद बोटानं बिया चाळवू लागला.

"बोल की! काय म्हणतील?"

"म्हणतील, हे झाड दाऊदनं आणलं."

शेख हसला नाही.

"हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

शेखनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं.

"काल गलबतावर... तांडेलाला म्हणालो. दोन खलाशीही बसले होते."

"म्हणजे बंदरभर झालं. अरे शहाण्या, बिया बांधून ठेवल्यास आणि जीभ मोकाट सोडलीस!"

खाली कुत्रं भुंकलं. दाऊदनं वाकून पाहिलं. बंदराचा हवालदार मळ्याच्या पायऱ्या चढत होता, मागं दोन शिपाई.

"बाबा, गिळून टाकतो!"

"गिळ. मग हाताऐवजी पोट फाडतील."

"मग काय करू? माझा हात जाईल, बाबा..."

शेखनं अकराही बिया मुठीत घेतल्या आणि चुलीजवळ जाऊन बसला. सकाळची थंडी चांगलीच बोचरी होती. चुलीवरच्या हंड्यातून वाफेचे लोट उठत होते.

हवालदारानं दारातूनच सलाम केला.

"शेखसाहेब, माफी असावी. तुमच्या मुरीदापाशी जिवंत बी आहे, असं कानावर आलंय."

"होती," शेख म्हणाला आणि त्यानं मूठ उघडली. "या अकरा."

संपलं! खुद्द गुरूनंच धरून दिलं. हवालदाराचा हात कमरेच्या सुऱ्याकडं गेला.

शेखनं मूठ हंड्यावर उपडी केली.

"नाही! बाबा, नाही!"

दाऊद हंड्याकडं झेपावला. शिपायांनी त्याला दंडाला धरून मागं ओढलं. तो ऊर फुटेस्तोवर ओरडत होता. हाताचं भय पार विसरला होता बिचारा. डोळ्यांपुढं दोन वर्षं बुडत होती.

शेख मणी ओढू लागला. एक... दोन... तीन...

हवालदार हंड्यावर वाकून उभा राहिला. त्याची दाढी वाफेनं ओली झाली. मग त्यानं मान वळवून दाऊदकडं पाहिलं. दाऊद लहान पोरासारखा रडत होता. असलं रडं कुणाला सोंगानं येत नाही, हे हवालदाराला इतक्या वर्षांच्या नोकरीत चांगलं कळलं होतं.

शंभरावा मणी सरला.

"पुरे," हवालदार म्हणाला. "शेखसाहेबांनी स्वतःच्या हातानं उकळल्या, म्हणून तुझा हात वाचला. जा, घेऊन जा तुझ्या मुलखात. भाजून पी!"

शिपाई खो खो हसले. तिघं पायऱ्या उतरून गेले.

...

बराच वेळ रडून झाल्यावर दाऊदनं डोळे पुसले.

"मारल्यात तुम्ही."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"पाहिलंस. हात घातलास?"

दाऊद रागारागानं उठला. सरळ हंड्यात हात खुपसला... आणि तसाच उभा राहिला. चटका बसला नाही. पाणी कोमट होतं.

पण किती वेळ रडत बसलो होतो, याचा त्याला काही अंदाजच येईना. त्यानं वाकून चुलीत पाहिलं. नुसती राख. ती आताची, की पहाटेची?

"बाबा... पाणी उकळत होतं का?"

शेखनं बिया बाहेर काढल्या. फडक्यावर पसरून टिपल्या आणि एकेक करून बियाण्यासारख्या राखेत घोळवू लागला.

"तुम्ही पूर्ण शंभर मणी ओढलेत. मी ऐकलंय."

"ओढले."

"मग मेल्याच."

शेखनं दहावी बी उचलली.

"की नाही मेल्या?"

शेखनं अकरावी बी घोळवली.

"एवढं तरी सांगा, बाबा! तुमच्या पाया पडतो. या जिवंत आहेत की मेल्या आहेत? हे कळल्याशिवाय मी गलबतात पाय कसा ठेवू? घरी जाऊन लोकांना काय सांगू?"

शेखनं पुरचुंडी बांधली आणि त्याच्या उजव्या हातात ठेवली.

"पेरताना जिवंत समज. बोलताना मेल्या समज."