लिंबाजी गुरुजींचं ऐकतो

पानमळ्यांच्या एका गावात लिंबाजी नावाचा एक भोळा बाप होता. शिडी लावून विड्याची पानं खुडायची, एवढीच विद्या त्याला अवगत होती. एसटीची पाटीसुद्धा त्याला वाचता येत नसे. दोनदा तो भलत्याच गावी जाऊन आला होता. म्हणून आपल्या कुसुमनं तरी चारचौघांत घडाघडा वाचावं, ही त्याची मोठी हौस.

रणदिवे गुरुजींनी त्याला बोलावून घेतलं.

"लिंबाजीराव, स्नेहसंमेलनात स्वागताचं वाचन कुसुमला द्यावं म्हणतोय. पण पोर वाचताना अडते. शाळेनं आणि घरानं मिळून बघायला हवं. ती वाचायला बसली की शेजारी बसत जा."

"बसतो की!"

लिंबाजी शब्दाचा पक्का. दुसऱ्या दिवशी गुरुजी वर्गात आले, तर कुसुमच्या शेजारी लिंबाजी. मांडी घालून, डोक्याला मुंडासं.

"अहो, इथं काय करताय?"

"ती वाचतीय न्हवं?"

"इथं मी आहे ना! तुम्ही घरी बसायचं. आणि कुणाचं चुकलं तर ओरडायचं नाही. जवळ जायचं, कानात हळूच सांगायचं."

"पुढच्या वेळी अस्संच करतो."

त्याच संध्याकाळी शेजारच्या अनसूयाकाकूंनी चुलीतली राख परसात टाकली. राखेत निखारा होता. कडब्याची गंजी धुमसू लागली. लिंबाजीनं ते पाहिलं. काकूंचं चुकलं होतं, हे उघड होतं. काकू तांदूळ निवडत होत्या. लिंबाजी शेजारी जाऊन बसला. त्यांचं सूप रिकामं होईपर्यंत थांबला आणि मग कानाशी लागला.

"काकू, रागवायचं न्हाई. तुमची गंजी पेटलीया."

काकू परसात पोचल्या तेव्हा गंजी उरली नव्हती.

हे कळताच गुरुजींनी कपाळाला हात लावला. "अहो, अशा वेळी बोंब ठोकायची! सगळा गाव गोळा करायचा, घागरी घेऊन!"

"पुढच्या वेळी अस्संच करतो."

रात्री कुसुम धडा वाचत होती. एका जोडाक्षराशी अडली. लिंबाजी ताडकन उठला, दारात गेला आणि त्यानं बोंब ठोकली, "धावा! पोरगी अडली!"

गाव धावला. घागरी घेऊन धावला. काय पेटलंय हे विचारायला कुणाला सवड नव्हती. सगळ्यांत पुढं अनसूयाकाकू होत्या आणि त्यांचा नेम अचूक होता. कुसुम भिजली, धडा भिजला, जोडाक्षर वाहून गेलं.

"बाबा, तुम्ही गुरुजींना आता काहीसुद्धा विचारू नका!" कुसुम रडत म्हणाली.

लिंबाजी गुरुजींकडे गेलाच.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "लिंबाजीराव, माणूस अडला की लगेच धावायचं नाही. उलट आधार हळूच काढून घ्यायचा. थोडं धडपडू द्यायचं. जमलं, की पाठीवर थाप मारायची. एवढंच करा. दुसरं काही म्हणजे काही करू नका."

"पुढच्या वेळी अस्संच करतो."

स्नेहसंमेलनाचा दिवस उजाडला. कुसुम वाचायला उभी राहिली आणि तेवढ्यात पताकांची दोरी सुटून पाहुण्यांच्या टोपीवर पडली. पताका बांधायला आणलेली लिंबाजीची शिडी गुरुजींनी अंगणातल्या कडुलिंबाला लावली. "तू वाच गं, थांबू नकोस. लिंबाजीराव, शिडी धरा." असं म्हणून ते वर चढले.

कुसुम वाचू लागली. 'स्नेहसंमेलन' या शब्दाशीच अडली. तिनं बापाकडे पाहिलं. लिंबाजीच्या गळ्यापर्यंत बोंब आली होती. त्यानं तोंडावर हात दाबला. तिनं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी फांदीवरून तोंड उघडलं.

"गुरुजी, लगेच न्हाई!" लिंबाजीनं दटावलं.

कुसुमनं ओठ हलवले आणि शब्द फोडून वाचला. मग पुढचं सगळं घडाघडा. टाळ्यांचा कडकडाट झाला. लिंबाजीचे डोळे भरून आले. काय गुरुजींची युक्ती! आधार काढला की जमतं!

त्यानं वर पाहिलं. गुरुजी एका हातानं फांदी धरून, शिडीवरून चाचपडत पाय खाली टाकत होते. बिचारे अडले होते.

लिंबाजीनं शिडी हळूच काढून घेतली.

"अहो, शिडी! शिडी!" गुरुजी लोंबकळत ओरडले.

"धडपडा, गुरुजी," लिंबाजी मायेनं म्हणाला.

गुरुजी धडपडले. फांदीखाली पाहुण्यांसाठी केलेल्या मठ्ठ्याचं पातेलं होतं. ते थेट त्यात उतरले.

लिंबाजीनं पुढं होऊन त्यांच्या ओल्या पाठीवर जोरदार थाप मारली.

"शाब्बास! बघा, तुमचं तुम्हाला उतरता आलं. उगीच शिडी मागत होता!"