उपाशी बाळाची टाळू

“म्हणजे नळी तुंबलीच आहे, असं तू म्हणतोस?”

“शंभर टक्के, सर.”

मल्हारने कागद पुढे केला. मेंदूत पाणी किती तयार होतं, किती वाहून जातं, दाब किती चढला असेल, सगळं गणित मांडलेलं. डॉ. निमोणकरांच्या हाताखाली शिकणाऱ्यांत तो सर्वांत हुशार, आणि हे त्याला कुणी सांगावं लागत नसे.

खाटेवर सात महिन्यांचा अमन पाठीवर पडून टाहो फोडत होता. मेंदूत साठणारं पाणी पोटात उतरावं म्हणून त्याला जन्मानंतर नळी बसवली होती. आज ती पुन्हा उघडायची तयारी चालली होती.

“लेकराला परत कापणार व्हय, डॉक्टर?” शबाना, त्याची आई, खाटेचा दांडा घट्ट धरून उभी होती.

सरांनी कागद बाजूला ठेवला.

“स्कॅन?”

“मेंदूतल्या पोकळ्या पूर्वीएवढ्याच आहेत. पण टाळू बघा ना, सर. टम्म फुगलीय.”

“रडताना काय होतं रे?”

“छाती आवळते. डोक्यातलं रक्त खाली उतरायला अडतं, मग टाळू…”

मल्हारची नजर रडणाऱ्या अमनकडे गेली.

“हा का रडतोय?”

“भूक लागलीय.”

“उपाशी कुणी ठेवलं?”

“मीच… ऑपरेशनसाठी.”

सर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, असं मल्हारला वाटलं.

“शबाना, पाज त्याला.”

अमन पोटभर प्याला. सरांनी त्याला खांद्याशी उभं धरलं, ढेकर काढला, आणि तो शांत झाल्यावर मल्हारचं बोट धरून तेल जिरलेल्या टाळूवर ठेवलं.

टाळू मऊ होती. किंचित खोलगट. संथ उडत होती.

“आज ऑपरेशन नाही. उद्या पुन्हा बघू,” सर म्हणाले. शबाना खाली बसली आणि रडू लागली.

मल्हारचेही डोळे भरले. “मागच्या आठवड्यात नळी तुंबून गेलेली ती मुलगी, सर… आपल्याकडे पोचायलाच उशीर झाला होता तिला. म्हणून या वेळी मी…”

“माहीत आहे.”

सरांनी तो कागद नीट घडी घालून त्याच्या खिशात ठेवला. त्याच्या ओढलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“सकाळपासून काही खाल्लंस?”

“नाही, सर.”

“जा, आधी जेवून ये. मग मांड गणित.”