शांतवन रेकॉर्डिंगला मदत करतो

मिरजेच्या पुढे रेल्वेचं फाटक ओलांडलं की एक गाव लागतं. त्या गावात एक भोळा वेल्डर होता. नाव शांतवन. लोखंडाच्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. गेट सांगा, ग्रिल सांगा, सूतभर इकडचं तिकडे व्हायचं नाही. कारण गेटच्या कामात जेवढं सांगितलं तेवढंच करायचं असतं. बाकीच्या जगात तसं नसतं, हे मात्र त्याला चाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तेही त्याने सांगितल्याबरहुकूम केलं असतं.

त्याची थोरली बहीण सुवार्ताबाई त्याच गावात, चर्चच्या मागच्या घरात राहायची. तिचे यजमान बेन्यामीन मास्तर. मास्तर इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. एकतीस वर्षं त्यांनी ऑर्केस्ट्रात काढली. लग्न असो, गणपती असो, साखर कारखान्याचा मेळावा असो, स्टेजच्या कोपऱ्यात मास्तर उभे. पण वाजवलं ते सगळं दुसऱ्याचं. स्वतःची अशी एकच धून होती. ती त्यांनी लग्न झालं त्या वर्षी बायकोसाठी बांधायला घेतली आणि ती पुरी झाली गेल्या नाताळात. धून पुरी झाली आणि डाव्या हाताची अनामिका अडकायला लागली. वाकली की वाकलेलीच राहायची, दुसऱ्या हाताने उलगडावी लागायची.

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, सोमवारची. म्हणाले, बोट सुटेल, पण पूर्वीसारखं तारेवर पळेल का, ते मी सांगू शकत नाही.

सुवार्ताबाई भाकरी थापत होती. पाठमोरीच म्हणाली, "एकदा वाजवून ठेवा. माझ्यापाशी राहील."

एवढंच म्हणाली. पण एकतीस वर्षांत तिने नवऱ्याकडे मागितलेली ही बहुतेक पहिलीच गोष्ट होती.

मुलगा पुण्याला असायचा. तो आला, त्याने धान्याची खोली रिकामी केली, भिंतींना गोधड्या टांगल्या, जुना कॉम्प्युटर मांडला, स्पीकरच्या खोक्यासमोर माइक उभा केला. कॉम्प्युटरच्या पोटात जागा नव्हती, म्हणून त्याला एक काळी डबी जोडली. तिला हार्ड डिस्क म्हणतात. वाजवलेलं सगळं त्या डबीत जाऊन बसायचं. "पडद्यावरचा लाल ठिपका दाबला की रेकॉर्डिंग सुरू," एवढं सांगून मुलगा नोकरीवर परत गेला.

आता मास्तरांचे दोन्ही हात गिटारवर. ठिपका दाबणार कोण?

"शांत्या रिकामाच हाय," सुवार्ताबाई म्हणाली. "त्याचा शेठ परगावी गेलाय. वर्कशॉपची किल्ली बी त्याच्याकडंच दिलीय. आपलं माणूस हाय."

आपलं माणूस आहे हे मास्तरांना माहीत होतं. त्यांची काळजी तीच होती.

मंगळवारी शांतवन आंघोळ करून, भांग पाडून हजर झाला. त्याने ठिपका दाबला. मास्तरांनी धून वाजवली. ऐकायला घेतली तर सगळीभर पंख्याची कटकट.

"हे बघ शांतवन," मास्तर म्हणाले, "रेकॉर्डिंग सुरू असताना खोलीत जे जे म्हणून आवाज करतंय, ते ते बंद करायचं."

"व्हय दाजी."

शांतवनने ते डोक्यात वेल्ड करून टाकलं.

बुधवारी त्याने पंखा बंद केला. भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्यातला सेल काढला. मग ठिपका दाबला आणि कान टवकारून बसला. मास्तर वाजवू लागले. बोट ऐकत होतं. धून अर्ध्यावर आली तेव्हा शांतवनच्या लक्षात आलं की कोपऱ्यात काहीतरी घरघरतंय. तो चवड्यांवर चालत गेला. घरघर कॉम्प्युटरची होती. त्याने बटण खाली केलं. खोलीत कशी छान शांतता झाली. मास्तर डोळे मिटून वाजवत होते, ते शेवटच्या सुरापर्यंत वाजवून थांबले आणि डोळे उघडले. समोर काळा पडदा.

"हे कुणी बंद केलं?"

"मी. घरघरत हुतं. तुमीच म्हनला हुता."

मास्तर मोठे सोशिक. ऑर्केस्ट्रात एकतीस वर्षं काढलेला माणूस सोशिक असतोच. ते म्हणाले, "अरे बाबा, एकदा सुरू केलेली वस्तू मी सांगितल्याशिवाय बंद करायची नाही. काहीही होवो."

"काही बी हूदे, दाजी."

तेही वेल्ड झालं.

गुरुवारी सुवार्ताबाईला भगिनी मंडळाच्या प्रार्थनेला जायचं होतं. तिने गॅसवर कुकर चढवला. शांतवनला म्हणाली, "तूच पेटीव गॅस. आन् ध्यान दे."

शांतवनने गॅस पेटवला. ठिपका दाबला. मग स्वयंपाकघराच्या दारात बसून कुकरवर ध्यान दिलं. आतून धून सुरू झाली. पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली. मास्तरांना वाटलं, आता बंद करील. पाचवी झाली. बोट आज ऐकत होतं, म्हणून मास्तर थांबेनात. गॅस सुरू केला होता आणि दाजींनी बंद करायला सांगितलं नव्हतं, म्हणून शांतवनही थांबेना. घरभर करपल्याचा वास सुटला. शांतवनचे डोळे चुरचुरायला लागले, पण त्याने ध्यान काढलं नाही.

मागाहून ऐकलं तेव्हा एकोणीस शिट्ट्या भरल्या. एकोणिसावी बरोबर शेवटच्या सुरावर आली होती आणि, खोटं कशाला बोला, सुरात होती.

"शिट्ट्या ऐकू येत नव्हत्या तुला?"

"आल्या की. मोजल्या बी."

"मग?"

"तुमी सांगितल्याबिगर कसा बंद करू?"

मास्तरांनी कपाळावर हात मारला. तो डावा होता आणि बोट अडकलं. ते उलगडत म्हणाले, "शांतवन, नीट ऐक. नको तो आवाज आला, की जे आवाज करतंय ते उचलायचं आणि लांब नेऊन ठेवायचं. मला विचारत बसायचं नाही."

"लांब म्हंजी किती?"

"मला ऐकू येणार नाही इतकं."

शुक्रवारी चर्चचे पाळकसाहेब आले. ऑपरेशनआधी मास्तरांसाठी प्रार्थना करावी म्हणून मुद्दाम आले होते. अंगाने काडीसारखे, त्यात सर्दी झालेली. प्रार्थना झाली. पाळकसाहेब म्हणाले, "मास्तर, मी बसू का? ऐकतो. अगदी गप्प बसतो." मास्तरांनी त्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली. शांतवनने ठिपका दाबला.

धून मधल्या वळणावर आली. तिथे एक तार ओढून सूर वर न्यायचा होता. सगळी करामत त्यातच होती. मास्तरांनी तार ओढली आणि पाळकसाहेब खोकले.

शांतवन उठला. लोखंडी गेटं उचलणारा गडी तो. त्याने पाळकसाहेबांना खुर्चीसकट उचललं आणि बाहेर काढलं. पाळकसाहेबांना वाटलं, घराला आग लागली असावी, म्हणून ते काही बोलले नाहीत. चर्च मागे पडलं, शाळा मागे पडली, तेव्हा त्यांनी विचारलं, "शांतवन, आपण कुठे चाललोय?"

"लांब," शांतवन म्हणाला.

रस्त्यातल्या चार माणसांनी पाळकसाहेबांना सलाम केला. त्यांनी खुर्चीतूनच सगळ्यांचा सलाम घेतला. दुसरं करणार काय? शांतवनने त्यांना रेल्वेच्या फाटकापलीकडे नेऊन ठेवलं, खुर्ची सारखी करून दिली आणि परतला. त्याच्यामागे फाटक पडलं. मालगाडी होती. मग दुसरी मालगाडी होती.

सुवार्ताबाईला हे कळलं तेव्हा ती तडक उठली. "देवाच्या मानसाला उचलून टाकलंस? आता कुठल्या तोंडानं उपासनेला जाऊ मी?" तिने फळीवरचा मोठा तांबडा भोपळा शांतवनच्या हातात दिला. "जा, देऊन ये. माफी माग."

शांतवन भोपळा देऊन आला. माफीही मागितली. परत आला तर बहीण विळी घेऊन बसलेली.

"उरलेला कुठाय?"

"कंचा उरलेला?"

"अख्खा दिलास?" तिने कपाळाला हात लावला. "अरं, एवढी मोठी वस्तू अख्खी एका घरात ठिवत न्हाईत. मधोमध चिरायची. अर्धी आपल्या घरात, अर्धी पाळकसाहेबांकडं. म्हंजी इकडची नासली तरी तिकडची उपेगी येती."

शांतवनला हे फार पटलं. तो पुन्हा गेला, पाळकीणबाईंच्या हातातून भोपळा मागून आणला. सुवार्ताबाईच्या माहेरी भोपळ्याला पहिला घाव पुरुषाने घालायची रीत होती, म्हणून तिने सुरी त्याच्याच हातात दिली. त्याने टेप लावून माप घेतलं, खडूने रेघ मारली आणि भोपळा असा चिरला की दोन्ही फाकांत बियासुद्धा सारख्या आल्या. अर्धा पाळकसाहेबांकडे पोचवला.

"आता कसं शहाण्यावानी केलंस," सुवार्ताबाई म्हणाली.

शांतवनला आजवर कोणी शहाणा म्हटलं नव्हतं. त्याला रात्रभर गोड वाटत राहिलं.

शनिवार उजाडला. शेवटचा दिवस. उद्या उपासना आटोपली की मास्तर हॉस्पिटलात दाखल होणार. त्यांनी सुवार्ताबाईला, कोंबड्यांना, शेजारच्यांच्या रेडिओला, सगळ्यांना हात जोडून दूर पाठवलं. शांतवनला म्हणाले, "आज ठिपका दाब आणि हात मांडीखाली घेऊन बस. दुसरं काही म्हणजे काही करू नकोस."

शांतवनने ठिपका दाबला आणि हात मांडीखाली घेऊन बसला.

मास्तरांनी वाजवायला घेतलं. बोट एकदासुद्धा अडकलं नाही. मधल्या वळणावर तार ओढली, सूर वर गेला, तिथे थरथरत उभा राहिला आणि सावकाश खाली आला. शांतवनच्या नाकावर माशी बसली. त्याने ती बसू दिली. शेवटचा सूर विरला, तरी शांतवनने हात मांडीखालून काढले नाहीत. शांतवनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याला गिटारमधलं काही कळत नव्हतं, पण आपल्या अक्काचं कोणीतरी एवढं कौतुक करतंय, हे कळत होतं.

मास्तरांनी कानाला हेडफोन लावून सगळं ऐकलं. कटकट नाही, शिट्टी नाही, खोकला नाही. ते उठले आणि त्यांनी मेव्हण्याला मिठी मारली.

मास्तर चार दिवस सावध होते. त्या दिवशी ते खूश झाले, आणि तिथेच चुकले.

सुवार्ताबाई परत आली. मास्तर म्हणाले, "झालं. ऐकतेस?"

ती म्हणाली, "आता न्हाई. तुमी बरं हून या. तुमी घरात आल्यावर ऐकीन." आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

मास्तरांनी काळी डबी सोडवून शांतवनच्या हातात दिली. "एवढ्या डबीत माझं एकतीस वर्षांचं काम आहे. जगात दुसरीकडे कुठे नाही. म्हणून हे एकाच ठिकाणी ठेवायचं नाही. सोमवारी मी तिकडे असेन, तेवढ्यात हे दोन ठिकाणी करून ठेव. इकडचं गेलं तरी तिकडचं राहतं. जमेल? नाहीतर मोबाइलच्या दुकानात जा, तो पोरगा करून देतो."

शांतवन हसला. आठवड्यात पहिल्यांदाच त्याला सगळं आधीपासून येत होतं.

"दाजी, त्याला दुकान कशाला? मी करतो. कालच केलंय."

काल केलंय म्हणजे काय, हे मास्तरांनी विचारायला हवं होतं.

मंगळवारी दुपारी मास्तर घरी आले. डाव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज. डॉक्टर म्हणाले होते, बोट मोकळं झालंय, जेवायला, सदरा घालायला अडचण नाही, मात्र गिटारचं आता विसरा. मास्तरांनी ते हसत ऐकून घेतलं. त्यांचं काम झालेलं होतं.

सुवार्ताबाईने नवं लुगडं नेसलं होतं. पाळकसाहेबही आले. आल्या आल्या शांतवनपासून दूर, खांबाला धरून बसले. मास्तर खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "शांतवन, सांगितलेलं केलंस?"

"सोमवारीच केलं. वर्कशॉपला नेऊन." त्याला शाबासकीची घाई झाली होती. "एक आपल्या कपाटात, एक पाळकसाहेबांच्याकडं."

"शाब्बास," मास्तर म्हणाले. "आण आपल्याकडचं."

शांतवनने कपाट उघडलं. रुमालात गुंडाळलेलं काढलं आणि दाजींच्या चांगल्या हातावर ठेवलं. काळ्या डबीचा अर्धा भाग होता. काप असा सरळ होता की कंपनीतूनच तसा आला असावा. कोणाच्या हाताला लागू नये म्हणून कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या होत्या.

पाळकसाहेबांनी खिशातून दुसरा अर्धा भाग काढला. "मी तेच विचारायला आलो होतो," ते म्हणाले. "आमच्या घरी म्हणतायत, हे शिजवतात कसं?"

मास्तर बँडेजकडे बघत राहिले. सुवार्ताबाई खाली बसली. तिने पदर डोळ्यांना लावला. एकतीस वर्षं थांबली होती, ती तशीच नव्या लुगड्यात बसून राहिली.

शांतवनला बहिणीचा चेहरा बघवेना. तो तिच्याजवळ उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "अक्का, रडू नगं. सुरवात आपल्याकडंच ठिवलीया. त्यांना निस्ता शेवट दिलाय."